आमच्या साडूंची गाडी गळत नाही

जगात जी काही चूक होते ती दुसऱ्याचीच असते, आणि ती नेमकी कोणाची हे ठरवायला देवानं मंगरूळपीरला एक माणूस नेमून ठेवला आहे. तो माणूस म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे यजमान. सगळी हयात त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. घरचं घड्याळ मागे पडलं की ते म्हणतात, एसटी वेळेआधी सुटली. एकदा हौसेनं स्वतः खिचडी केली आणि मीठ दुप्पट पडलं, तर पानावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना रक्तदाब तपासून घ्या म्हणाले! निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष हा क्रम त्यांनी पोरांकडून घोकून घेतला खरा, पण स्वतः ते निष्कर्षापासून सुरुवात करतात. बाकीच्या दोघांनी गुमान मागे यायचं असतं.

निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी काय करावं? लोक शेतात बोअर घेतात, नाहीतर घरावर मजला चढवतात. यांनी पुण्याहून एक जुनी, लालभडक, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट्स कार आणली. ती जमिनीला इतकी लागून चालते की आमच्या गावचे गतिरोधक तिला तिरपी करून ओलांडावे लागतात. ही गाडी दोनशेनं पळते म्हणे. आम्ही तिला चाळिशीच्या वर कधी पाहिली नाही, कारण चाळिशीच्या वर इंजिन तापायचं. दर आठ दिवसांनी तिच्यातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, कुठंतरी नाहीसं व्हायचं. मी एकदा भीत भीत म्हटलं, "भाऊ, गळत तर नसंल?" त्यांनी गाडीखाली अख्खा पेपर अंथरला, तासभर मला शेजारी उभं केलं आणि कोरडा पेपर माझ्या नाकासमोर नाचवला. "दाखव थेंब! गाडी गळत नाही. पिते ती. वय झालं का तहान वाढते."

ही बातमी गावभर झाली आणि सल्ल्यांचा पूर आला. रिठदच्या एका पाहुण्यानं घरची हळद आणली. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकून भोकं बुजवतात ना, तसं. भाऊंनी विज्ञानाच्या नावानं नाक मुरडलं आणि मग पाहुणा गेल्यावर मूठभर टाकलीच. आठवडाभर गाडीला लग्नघराचा वास येत होता. पाणी जायचं ते जातच राहिलं.

खरी गंमत गाडीच्या आत होती. ताई बसायच्या त्या डाव्या बाजूचा गालिचा सदा ओला. काच आतून सारखी धुरकट. आणि एक गोडसर, चिकट वास. तीन निरीक्षणं चोख होती, त्यावर भाऊंनी तीन निष्कर्ष काढले. गालिचा ओला, कारण ताईंच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण ढिलं. काच धुरकट, कारण ताई बोलतात फार. वास गोड, कारण ताई माहेरी जाताना पेढे नेतात. "बाई, तू गाडीत बसली का मले रस्ताच दिसत नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि आम्ही निर्लज्जासारखे हसायचो. ताईंनी आधी बाटली सोडली, मग पेढे, शेवटी बोलणंही सोडलं. गालिचा ओलाच.

आणि मग ताईंच्या भाच्याचं लग्न आलं, किन्हीराजाला, त्यांच्या माहेरी. मांडवासमोर लाल गाडी थांबली, पोरंबाळं धावली, ताई उतरल्या, तर नवीकोरी साडी गुडघ्यापासून खाली चिंब आणि शिवाय हिरवे डाग. सगळं माहेर खो खो हसलं. भाऊ मोठ्यानं म्हणाले, "सांगितलं होतं, झाकण नीट लाव." त्या दिवशी बाटली घरीच होती. परतताना ताई एसटीत बसल्या, आणि पुन्हा त्या गाडीत पाय ठेवायचा नाही असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं.

ताई बोलतील ते करतील. पुढं दोन-तीन वेळा त्या माहेरी एसटीनंच गेल्या. आणि भाऊ? भाऊ एसटीच्या मागे गाडी घेऊन जायचे! पुढे धूळ उडवत लाल डबा, मागे चाळिशीनं लाल गाडी, शेजारची जागा रिकामी. कंडक्टरनं एकदा ताईंना विचारलंही, "मावशी, थो मांगचा माणूस तुमच्या वळखीचा हाय काय?" ताई म्हणाल्या, "व्हता."

हे कंडक्टरनं पुढं भाऊंच्या कानावर घातलं, भाऊंनी मला सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत. त्याच फेरीत, शेलूबाजाराच्या अलीकडे, त्यांना समोरची बस दिसेनाशी झाली. काच आतून धुरकटली होती. गाडीत बाटली नाही, पेढे नाहीत, बोलणारं माणूस नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली, वाकून डाव्या बाजूच्या गालिच्यावर हात ठेवला, आणि हात हिरवा होऊन वर आला. आयुष्यभर प्रयोग शिकवणाऱ्या माणसाच्या हातून त्या दिवशी पहिला प्रयोग नीट झाला.

दुसऱ्या दिवशी ते मलाच घेऊन सलीममिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं गालिचा उचलला, बोट ओलं करून हुंगलं, डॅशबोर्डखाली बॅटरी मारली आणि म्हणाला, "सर, पानी बाहर गिरताच नई, अंदर गिर रा. हीटर फुटेला है." थंड मुलखातल्या त्या गाडीला केबिन गरम करायचा एक छोटा रेडिएटर होता, ताईंच्या पायांच्या बरोब्बर वर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरायचं आणि ताईंच्या साडीवर उतरायचं. "अपने यहाँ हीटर कायले पायजे?" असं म्हणून मिस्त्रीनं त्याच्याकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढल्या, एकमेकींना जोडून क्लॅम्प आवळले, नवं कूलंट भरून हवा काढली, आणि हीटर जगातून वजा केला. तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला. मी म्हटलं, "झालं की हो भाऊ!" भाऊ नुसते गालिच्याकडे बघत होते. "दीड वर्स," ते म्हणाले, "दीड वर्स मी तिले बोललो बे."

पण घरी जाऊन हे सांगायचं कसं? चूक कबूल करायचा त्यांना सरावच नव्हता. आठ दिवस ते ताईंना हीटरची आकृती काढून समजावत होते. ताई भाजी निवडत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं."

अखेर अक्षयतृतीयेला ताई माहेरी निघाल्या. स्टँडवर एसटी लागली होती. भाऊंनी गाडी तिच्या शेजारी लावली, उतरून डावीकडचं दार उघडलं आणि नुसते उभे राहिले. कंडक्टरनं घंटी दोनदा वाजवली. ताईंनी गालिच्यावर हात फिरवला, तळवा पाहिला, पदर सावरला आणि बसल्या. मी आणि बायको मोटरसायकलवर मागे.

किन्हीराजाला ताईंच्या भावाच्या दारात गाडी थांबली. लोक जमले, लग्नातलं हसू कुणीच विसरलं नव्हतं. भाऊ उतरले, कधी नव्हे ते घसा खाकरला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी चूक माही होती. हिची काहीच नव्हती." मग डाव्या बाजूला जाऊन त्यांनी ताईंना उतरायला हात दिला. ताईंनी तो हात धरला, पण उठल्या नाहीत.

"उतरत नाही मी एवढ्यात," त्या म्हणाल्या. "गावातून एक चक्कर मारा. हळू मारा. साऱ्यायले दिसू द्या."