शिवकन्येचं पान

माकणीची शिवकन्या रागीट नव्हे, डूख धरणारी. राग तासाभरात उतरतो. हिचा डूख दोन वर्षं ताजा राहिला.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीच्या एका शेतकरी कंपनीची वेबसाइट तिनं एकटीनं उभी केली होती. सोयाबीन-तुरीचे रोजचे भाव त्यावर यायचे आणि एका पानावर तिचा फोटो होता, खाली 'ही साइट बनवणारी'. व्यवस्थापक रणधीरसरांनी तिला कामावरून काढलं, वर सर्व्हरच्या फाइलीत एक ओळ घालून घेतली : शिवकन्येचं पान कुणी मागितलं, तर त्याला सरांच्या पानावर न्यावं. तिनं आपल्याच नावावर बोट दाबलं, तर सरांच्या मिशा उघडल्या! मेलेल्याचं नावसुद्धा कुणी असं पुसत नाही.

पुढं जिल्ह्याचं नाव बदललं. सरांच्या नव्या माणसानं नियम लिहिला, कुणी उस्मानाबाद टाकलं तर धाराशिवकडं वळवा. पण धाराशिवला उस्मानाबादकडं वळवणारी जुनी ओळ खाली तशीच राहिली. साइट घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी फिरायला लागली, आणि दुसऱ्याच दिवशी सरांचा 'साइटचे शिल्पकार' म्हणून सत्कार ठरलेला.

"शिवकन्या, ये की बाई. लई अडलंय," सरांचा फोन आला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. गाढव व्हायला शिवकन्येची ना नव्हती. लाथ गाढवाकडंच असते.

कचेरीत सगळे संचालक खुर्च्या टाकून बसलेले. तिनं ती जुनी ओळ खोडली, साइट उघडली. जाण्याआधी तिनं आपल्या नावाची ओळ शोधली, त्यातल्या दोन्ही नावांची अदलाबदल केली आणि स्क्रीन सरांकडं फिरवला.

"सर, साइट तुम्हीच बनवलेली. ही ओळ एकदा वाचून सांगा, ठेवू का?"

इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण. सरांना ओ की ठो कळेना. पण संचालकांपुढं तसं कबूल कसं करणार?

"एकदम बरोबर हाय. ठेव."

ते शब्द तिला पेढ्यासारखे गोड लागले.

सत्काराला पाहुण्यांनी पत्रिकेवरच्या, सरांच्या पानाच्या क्यूआर कोडवर पडद्याला जोडलेला फोन धरला. मोठ्या पडद्यावर सर यायचे होते. आली शिवकन्या, हसरी, फोटोखाली 'ही साइट बनवणारी'.

"हे चुकून झालंय," सर माइकवर म्हणाले.

मागच्या रांगेतून शिवकन्या उठली. "चुकून न्हाय, सर. नियम तुमचाच हाय, मी नुसती दिशा फिरवली. आन् कालच तुम्ही सगळ्यांपुढं म्हणालात, एकदम बरोबर हाय."