गव्हाणीतला डबा

नववीत असताना माझा डबा रोज तांबडी खायची. तांबडी म्हणजे आमची गाय. आई पहाटे उठून बाजरीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी भरून द्यायची, आणि मी शाळेसमोरच्या दुकानातून मसाला नळ्यांचं पाकीट घ्यायचे. मैत्रिणींच्या घोळक्यात भाकरी काढायची मला लाज वाटायची. नळ्यांनी बोटं केशरी व्हायची, ती चाटता चाटता मधली सुट्टी संपायची. घरी आल्यावर आधी गोठ्यात शिरायचं, डबा गव्हाणीत पालथा करायचा आणि मग तो मोरीत असा आपटायचा की रिकामा आहे हे आईला आतूनच कळावं. आई खूश, तांबडी तर त्याहून खूश.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पाऊस बेताचाच, घर चालायचं ते दुधावर. पप्पांचा सगळा जीव गोठ्यात. कुठल्या गाईला किती पेंड, किती मुरघास, कुणी किती दूध दिलं, सगळं गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं. शेण बघून गाईने काल काय खाल्लं ते सांगायचे. डेअरीत दुधाला फॅट कमी लागली की मात्र ऐकून घ्यायचे नाहीत. "परत लाव, मशीन चुकतंय." डेअरीवाला वैतागून परत लावायचा आणि आकडा तोच यायचा.

मला पळायचा नाद होता. तालुक्याच्या आठशे मीटरसाठी सरांनी मला निवडलं, आणि मेडल गळ्यात पडल्यासारखी मी वाडीभर मिरवत होते. एका सकाळी सरावात दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मैदानात आडवी. सरांनी पप्पांना फोन करून बोलावलं. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ.

"परत लावा सिस्टर," पप्पा म्हणाले. "मशीन चुकतंय. पोरगी रोज डबा पुसून खाती."

परत लावलं. साडेआठच. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "स्पर्धेआधी पुन्हा तपासू. अकराच्या वर आलं तर पळू दे, नाहीतर नाही." मी मान खाली घालून बसले. डब्याचं बोलायची हिंमत काही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पप्पा गोठ्यातच होते. मी काही करायच्या आत तांबडीने दावं ताणलं, मान लांब केली आणि माझ्या दप्तराकडे बघून हंबरायला लागली. पप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दप्तरातून डबा काढून उघडला. भाकरीचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता.

पप्पांचा राग वाडीला माहीत होता. मी गाल वाचवायच्या तयारीत उभी राहिले. पण ते पेंडीच्या पोत्यावर मटकन बसले.

"हिनं काय खाल्लं ते मला शेणावरून कळतं," ते म्हणाले. "तुझं काय मला कळलं न्हाई."

त्यापेक्षा मार परवडला असता. मला रडू फुटलं.

थोड्या वेळाने त्यांनी खडू घेतला आणि भिंतीवर तांबडीच्या नावाखाली लिहिलं: पोरगी. भाकरी दोन, अंडं एक, दूध पेलाभर, गूळ-शेंगदाणे मूठभर. खाल्लं की पुढे रोज खूण करायची. शाळेतही डबा उघडायला लागले. मैत्रिणी चटणीवर तुटून पडल्या, भाकरी मात्र मलाच संपवावी लागली. नळ्या अगदीच सुटल्या असं नाही. शनिवारचं एक पाकीट पप्पांनी भिंतीवर मंजूर केलं होतं. बिचारी तांबडी मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्या दप्तराकडे बघून हंबरत राहिली.

स्पर्धेच्या आठवड्यात आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. सिस्टरनी बोटाला सुई टोचली. पप्पा टोपी हातात धरून दारातच उभे होते.

"किती लागलं?" डेअरीत विचारतात तसंच त्यांनी विचारलं.

"अकरा पॉइंट चार."

मी टुणकन उडी मारली. पप्पा जागचे हलले नाहीत. "परत..." एवढंच म्हणाले.

सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. "मशीन बरोबर हाय, काका."

"मशीनचं न्हाई म्हणत," पप्पा म्हणाले. "आकडा परत एकदा सांगा."