खिडकीत ठेवलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज का सांगतोय — देव जाणे.

नव्वदीची शेवटची वर्षं. वाशीला मोबाइलच्या दुकानात नोकरी, राहायला जुईनगरला. आमच्या बिल्डिंगमध्ये मोबाइलमधलं कळणारा मी एकटाच, मग ताठा केवढा! चौथ्या मजल्यावरचे साळवीकाका चारचौघांत मला ‘आमचा इंजिनीअर’ म्हणायचे. मी बारावी नापास.

साळवीकाकी अंथरुणाला खिळलेल्या, बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यांचा मुलगा मिलिंद अमेरिकेत. दर रविवारी तो नाक्यावरच्या बूथवर फोन करायचा, काका खाली जाऊन बोलायचे. काकींनी वर्षभर पोराचा आवाज ऐकला नव्हता. म्हणून त्याने कुणाबरोबर तरी तिकडचा मोबाइल पाठवला. इथे चालतो का, ते आधी जाणकाराला विचारा, म्हणाला.

जाणकार कोण? मी! मागचं झाकण उघडलं, तर सिम कार्ड घालायला जागाच नाही. असला फोन मी पाहिलाच नव्हता. ‘माहीत नाही’ म्हणायला माझं काय जात होतं? पण काकी माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, “चालेल की. खिडकीत ठेवा, रेंज येईल.”

दुसऱ्याच दिवशी दुकानाचा मालक हसला. अरे येड्या, त्यांची सिस्टिम वेगळी, आपली वेगळी. तो फोन इथे जन्मात लागणार नाही.

मग वर जाऊन सांगितलं मी? — नाही. काकांनी तोवर काकींचा पलंग खिडकीशी सरकवला होता. काकी रोज विचारायच्या, “आली का रे रेंज?” मी सांगायचो, टॉवरचं काम चालू आहे.

दुकानातला चालू फोन एखाद्या रविवारी वर नेता आला असता. मालक नाही म्हणाला नसता. पण हा चालतो आणि तो का नाही, हे सांगावं लागलं असतं ना! एवढ्यासाठी — फक्त एवढ्यासाठी — नाही नेला.

दोन महिन्यांनी काकी गेल्या.

मिलिंदचा फोन आला तेव्हा काकांना धरून मीच बूथवर नेलं. रडत रडत ते त्याला म्हणाले, “ह्या पोराने खूप केलं रे तुझ्या आईसाठी. शेवटपर्यंत खटपट करत होता.” आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मिलिंद कसाबसा म्हणाला, “थँक्यू.”

मी म्हणालो, “अरे, त्यात काय.”