बांधालगतची बरणी

शिक्रापूरला हायवेवर खानावळ चालवणारी एक कोरियन बाई कोबी न्यायला आमच्या रानात यायची. प्रत्येक गड्डा कानाशी धरून दाबायची, त्याचा आवाज ऐकायची. परदेशी माणसाला इथं टीचभर शेतजमीन घेता येत नाही, म्हणून तिचा कोबी आम्हीच लावायचो.

यंदा तिचा व्हिसा संपला. नवा मिळेलच, असं वकीलही सांगेना. मायदेशी जाण्याआधी तिनं आमच्या बांधालगत खड्डा घेतला, कोबीच्या लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत पुरली आणि माती हातानं थापटली.

आईनं विचारलं, "बाई, न्हाई मिळाला व्हिसा तर?"

आमच्यातच शिकलेल्या मराठीत ती म्हणाली, "मुरायला टाइम लागतो. तवर येते."

आता नांगरटीला ट्रॅक्टर आला की आई आधी तिथं जाऊन उभी राहते. ड्रायव्हरला सांगते, "तेवढं बाईचं रान सोड."