पाहुण्याची जनावरं

अनसूयेला जन्मभर एकच वाक्य नडलं. "असू दे, मी बघते." कुणी काही मागे टाकून निघालं की हे वाक्य तिच्या तोंडून आपसूक सुटायचं, आणि सुटलं की बाई अडकायची. सासूचं अंथरूण तिनं बघितलं, दिराची म्हैस बघितली, नातवंडं बघितली. हिंजवडीला कंपन्या आल्या, जांबे गावातल्या घरामागं भाड्याच्या खोल्या बांधल्या, तेव्हापासून भाडेकरूंच्या किल्ल्या, दूध, गॅसच्या टाक्या, तेही तिच्याच गळ्यात. पण झुरळं? छे! झुरळांची उस्तवार नशिबी येईल असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

दोन हजार सात साली कोपऱ्यातल्या खोलीत ऋषिकेश राहायला आला. अमरावतीचा पोरगा, कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला, बोलायला साखर. त्याच्याकडे काचेच्या पेटीत एक परदेशी सरडा होता. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. दिवसभर दिव्याखाली मान ताठ करून बसायचा. चावडीपुढं ऊन खात बसणारे गेणबा पाटील असेच बसायचे, म्हणून अनसूयेनं सरड्याला गेणबा म्हणायला सुरुवात केली. पाटील वारले होते, त्यामुळं भांडायला कुणी आलं नाही, आणि ऋषिकेशही तेच नाव घ्यायला लागला.

या गेणबाला खायला झुरळं लागायची. मोरीतली नव्हेत, विकतची! मुंबईहून कुणी पाळणारा खासगी बसनं खोकं पाठवायचा. पहिलं खोकं आलं तेव्हा ऋषिकेश कामावर होता. अनसूयेनं बियाणं असेल म्हणून ते देवळीत ठेवलं, तर आतून खसखस ऐकू यायला लागली. संध्याकाळी त्यानं उघडून दाखवलं आणि ती किंचाळायचीच राहिली.

"घाऊक घेतली की परवडतं, काकू," तो म्हणाला. "शिवाय इथेच वाढतात. ही उडत नाहीत, आणि प्लास्टिकवर चढताही येत नाही त्यांना."

"आरं, लोकं झुरळं मारायला पैकं मोजत्यात, आन् तू आणायला मोजतूस?"

तो हसला. ती पण हसली. तिथंच घात झाला. पुढं कंपनीनं त्याला परदेशी पाठवलं, तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "फक्त पंधरा दिवस, काकू." आणि अनसूया म्हणाली, "असू दे, मी बघते."

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे सहा झाले. खोलीचं भाडं बँकेत येत होतं, माणूस येत नव्हता. रोज उठून झुरळांच्या टपाचं झाकण काढायचं, अंड्यांचे पुठ्ठे उभे करायचे, उरलेलं ओलं खाणं उचलायचं, नाहीतर बुरशी धरते. गाजराच्या चकत्या, कोंडा, पालेभाजी घालायची. मग एका जुन्या सांडशीनं मोजकी झुरळं उचलून, हाडांसाठीची पांढरी पूड लावून गेणबापुढं टाकायची. गुरुवारी वीज जायची, तेव्हा त्याच्या कुशीला गरम पाण्याची बाटली. टपाचा आंबूस वास तिच्या पदराला बसला होता. सून शुभांगी नाक दाबून म्हणायची, "आत्या, दुसऱ्या भाडेकरूंना कळलं तर खोल्या रिकाम्या पडतील हां." पण झाकण उघडायला ती कधी आली नाही. कुणीच आलं नाही.

दमली होती बाई. गुडघे दुखत होते ते वेगळंच, ती आतून दमली होती. धरणापल्याड तिची थोरली बहीण धोंडाबाई राहायची. दर सणाला निरोप यायचा, "आठ दिस ये गं, नुसती पड येऊन." अनसूया दर वेळी म्हणायची, पोरगं आलं की येते. दुसऱ्याचा जीव आपल्या हवाली आहे, तो जसाच्या तसा परत केला की आपण सुटलो, मग बहिणीकडं जाऊन नुसतं झोपायचं. त्या आशेवर ती दिवस ढकलत होती.

दसरा झाला आणि तिला तापानं गाठलं. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदाच नवऱ्याला सांगितलं, "आवं, आजच्या दिस तेवढा पाला घाला टपात. माझ्यानं उठवंना."

कुशाबा काही वाईट माणूस नव्हता. बहुतेक जमीन कंपन्यांकडं गेल्यावर उरलेल्या तुकड्यात तो बाजारासाठी कोबी आणि फ्लॉवर लावायचा. विहिरीजवळ घरच्यापुरता एक वाफा वेगळा होता. त्यावर औषध मारायचं नाही, ही त्याच्या बापापासूनची रीत. त्यामुळं बाजाराचा कोबी कसा आरशासारखा, आणि घरच्या वाफ्यातल्या पानांची चाळण. अनसूया रोज त्या चाळणीतलाच पाला आणायची.

सकाळी ताप उतरला. गेणबाची खायची वेळ झाली होती. तिनं सांडशी घेतली, झाकण काढलं, आणि तिचा हात तिथंच थांबला. सगळा टप उताणा पडलेला. एकाचाही पाय हलत नव्हता. वर कोबीची हिरवीगार, भोक नसलेली पानं तशीच होती.

"कुटनं आणला हा पाला?" ती ओरडली.

"मळ्यातनं. का?"

"बाजारच्या वाफ्यातला? परवाच औषध मारलंय न्हवं तुमी त्यावर!"

कुशाबानं टपात डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "अगं, पाहुण्याची जनावरं हायेत," तो हळूच म्हणाला. "त्यास्नी किडकी पानं कशी घालायची? म्हनलं, चांगली बघून घालावी."

तिला हसू आलं, रडू आलं, आणि शेवटी दोन्हीचा कंटाळा आला. जन्मात एक सांज पाठ टेकली, तर हे! ती टपाशेजारी फतकल मारून बसली. पलीकडं काचेतून गेणबा वाट बघत होता. मेलेली झुरळं घातली तर तोही मरणार, आणि नाही घातली तर उपाशी.

रविवारी ऋषिकेशचा फोन यायचा. तोवर तिनं घरच्या वाफ्यात वाकून वाकून नाकतोडे धरले. जिथं औषध नाही तिथंच किडे होते. कसंबसं गेणबाचं भागलं. रात्रंदिवस ती मनात शब्द जुळवत होती, पोराला काय तोंड दाखवू. फोन आला तसं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"आरं, चुकलं बाबा आमचं. तुझी सगळी झुरळं मेली."

"अहो काकू, एवढं काय त्यात! मी सांगणारच होतो, फेकून द्या ती. माझं आता इकडेच नक्की झालंय. खोली पण सोडतोय या महिन्यात."

"आन् गेणबा?"

"कोण? अच्छा, तो! द्या कुणाला तरी. नाहीतर सोडून द्या शेतात."

तिनं फोन ठेवला. शेतात सोडून द्या म्हणे! घार उचलील, नाहीतर औषधात मरंल. ज्या पोरासाठी जीव टांगणीला लावला, त्याला त्या जिवाचं नावही आठवत नव्हतं. राग एवढा आला की तिला कळेना, तो पोरावर आहे की स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, त्यात गेणबाला घातलं आणि पौडला एसटी बदलून ती धरणापल्याड पोचली. शुभांगीला तिनं काहीच सांगितलं नाही. कुशाबा थांब्यापर्यंत गाठोडं घेऊन आला होता, मान खाली घालून.

धोंडाबाई अंगणात भात वाळवत होती. खोक्यात डोकावून ती दोन पावलं मागं सरली. "अगं बया! पडायला ये म्हनलं, तर हे लचांड कुटनं आणलंस?"

"टाकवंना गं," अनसूया म्हणाली. "किडं लागत्यात त्याला. हितं औषध मारत्यात का?"

"हितं कोन मारतंय? बांधावर लई नाकतोडे हायेत." धोंडाबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. डोळ्यांखालचा काळेपणा बघितला, सुजलेले गुडघे बघितले. मग तिनं हात पुढं केला. "दे हिकडं. जा, आत पड. मी बघते."

अनसूया उंबऱ्यातच थांबली. हे वाक्य तिनं साऱ्या जन्मात किती जणांना ऐकवलं होतं, पण तिला ते कुणी ऐकवलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आत जाऊन तिनं घोंगडं अंथरलं आणि ऊन उतरायच्या आत तिला झोप लागली.