काळं सिलिकॉन आणि तिचं बोट

रत्नागिरीतल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना मी काळं सिलिकॉन बनवायच्या मागे लागले होते. सिलिकॉनची चकती मुळात आरशासारखी चकचकीत. तिच्यावर पडलेला बराचसा उजेड परत फिरतो. आम्लाने पृष्ठभाग कोरला की डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सुया उभ्या राहतात, उजेड त्यांच्यात अडकतो आणि चकती काजळासारखी काळी दिसते. सोलर सेलला ती फायद्याची, मंद उजेड टिपणाऱ्या सेन्सरलाही.

माझ्यासोबत एकच संशोधक विद्यार्थिनी होती. इथल्याच मांडवी किनाऱ्यावरची. वडील मासेमारीच्या होडीवर. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर, म्हणून आम्लाचं काम तीच करायची.

त्या दुपारी चकती बाहेर काढताना ती म्हणाली, "मॅडम, हातमोजा आतून ओला लागतोय."

"घाम असेल. हात धुऊन घे."

बोटावर काही दिसत नव्हतं, दुखतही नव्हतं. हे आम्ल आधी आत उतरतं आणि मग दुखतं, हे मीच तिला शिकवलं होतं. त्यावर लावायचं कॅल्शियमचं जेल संपलं होतं. नवीन मागवायचं मी दोनदा पुढे ढकललं होतं. सगळं आठवलं. पण चकती इतकी काळीभोर निघाली होती की मी मापनाला बसले.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा पोरगी बोट धरून कळवळत होती. टोक पांढरंफटक पडलेलं. मासळीचा काटा लागला असेल, असं आई म्हणत होती. दवाखान्यात नेताना रिक्षात मी सांगून टाकलं, "काटा नाही. आमच्या लॅबमधलं आम्ल आहे."

डॉक्टरांनी असं काही पूर्वी पाहिलं नव्हतं. फोनवर कुणाला तरी विचारून त्यांनी कॅल्शियमची इंजेक्शनं दिली. बोट वाचलं. नख गेलं, टोकाची जाणीवही गेली.

बाहेरच्या बाकावर आईने विचारलं, "बाई, तुम्हाला ठावं होतं?"

"हो."

ती उठून आत मुलीकडे गेली. मला वाटत होतं, तिने बोलावं.

दोन महिन्यांनी मुलगी परत आली आणि त्या चकतीचं मापन मागितलं. इतका कमी उजेड परत फिरवणं आमच्या कुठल्याच चकतीला साधलं नव्हतं. तिने आकडे दोनदा वाचले.

"शोधनिबंधात माझं नाव पहिलं घाला," ती म्हणाली, "आणि हातमोज्याचंही लिहा."

नाव मी पहिलं घातलं. हातमोज्याचं नाही लिहिलं. शोधनिबंधात असलं काही बसत नाही, असं तिला सांगितलं.

आता ती पुण्यात एका प्रयोगशाळेत असते, असं ऐकते. माझे फोन ती उचलत नाही.