सुलूच्या मामाचे पाय

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलात मी भांडायच्या तयारीनेच गेले होते.

ह्यांची बायपास उत्तम झाली, पण शुद्धीवर आल्यापासून हे कोणालाच ओळखत नव्हते. मलासुद्धा. झोप नाही, सारख्या नळ्या ओढायचे, म्हणून सिस्टरांनी दोन्ही हात कॉटला बांधलेले. अंबडच्या कारखान्यात जन्मभर फोरमन असलेला माणूस... आणि हात बांधलेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर होतं असं कधी कधी, वाट पाहू.

त्यात हॉस्पिटलचा नवा 'होलिस्टिक' विभाग! उशाशी सीडी प्लेअरवर बासरी, आणि काशाची वाटी घेऊन आलेली दिंडोरीची प्राजक्ता. तळपायाला तूप लावून वाटीने चोळणार म्हणे. नन्सच्या शाळेत शिकलेली मी, मला हे कसं पटावं? म्हटलं, तूप उरलं तर पेशंटच्या वरणावर वाढा.

"काकू, औषधं चालूच राहतील. हे फक्त जोडीला," ती म्हणाली. डॉक्टरांनीही मान डोलावली. मी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली... नाइलाजाने.

तिने वाटी टेकवली आणि ह्यांनी पाय आखडून घेतले. पुन्हा धरला, पुन्हा तेच. चेहरा असा कासावीस, की तिला वाटलं दुखतंय. ती थांबली, तेवढ्यात हे पुटपुटले, "सुलू, पाय सोड गं. पाप लागेल मला."

सुलू ह्यांची भाची. आमच्याकडे भाचीने मामाच्या पायाला हात लावायचा नसतो, मामाच तिच्या पाया पडतो. ह्यांना प्राजक्ताच सुलू वाटली होती... एवढ्या भ्रमातही माणूस रीत सोडत नव्हता.

मी तिच्या हातातून वाटी घेतली. ऑपरेशन झाल्यापासून मी ह्यांना स्पर्शच केला नव्हता, नळ्यांच्या भीतीने. ती सांगेल तशी टाचेपासून बोटांपर्यंत वाटी फिरवत राहिले. तूप काळं होत गेलं, पाय हळूहळू सैल पडले.

बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच हे म्हणाले, "हळू. कढई घासतेस का?"

हे वाक्य ह्यांनी जगात दुसऱ्या कोणाला ऐकवलं नसतं. मी पदर तोंडाला लावून तशीच बसून राहिले... आणि हे गाढ झोपले. संध्याकाळी सिस्टरांनी हातांच्या पट्ट्या सोडल्या.

वाटीने झालं की औषधाने, ते डॉक्टर जाणोत. 'होलिस्टिक' या शब्दाचा मला अजूनही राग येतो. पण आता रोज दुपारी प्राजक्ता वाटी आणून माझ्या हातात देते, आणि हे पडल्या पडल्या माझ्या चुका काढतात. देवाकडे आणखी काय मागू?